पुण्याचं कॉलेज आणि एकलहऱ्याची भट्टी

आमच्या घरात कोणीही खुर्चीवर थेट बसत नसे. आधी हाताने झटकायचं, नाहीतर फुंकर मारायची, मग टेकायचं. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत सगळ्यांचीच ही रीत होती. कोळसा जळतो तिथं राख उडणारच, त्याचं कोणाला फारसं काही वाटत नसे. ताटं पालथी ठेवायची, हंड्यावर झाकण आणि झाकणावर फडकं, वाळत घातलेले कपडे काढताना चांगले झटकून घ्यायचे. पाहुणे आले की आई 'बसा' म्हणायच्या आधी पदराने खुर्ची पुसायची, आणि पाहुणा कॉलनीतला असला तर तो बसताना पुन्हा स्वतःच्या हाताने पुसायचा. अप्पा तर सायकलची सीट असो, देवळाचा कट्टा असो, आधी तळहात फिरवल्याशिवाय टेकत नसत. राखेचं खातंच त्यांच्याकडे होतं. बॉयलरच्या तळाशी पडणारी राख पाण्याच्या जोरावर पाइपातून लांब तळ्याकडे वाहून न्यायची, त्या विभागात ते अटेंडंट होते. घरी येऊन आंघोळ केली तरी त्यांच्या भुवयांत थोडी राख राहायचीच. आई म्हणायची, "महादेवसंगे लगीन लागनं मनं." माझं लग्न महादेवाशीच लागलंय.

आई-अप्पा दोघंही नामपूरकडचे. घरात त्यांची आपसात अहिराणी चालायची. मी शाळेत गेले तशी माझी भाषा बदलली, पण त्यांची कानात राहिली. अप्पा माझ्याशी बोलताना अर्धी त्यांची, अर्धी माझी अशी खिचडी करत, आणि रंगात आले की सगळी त्यांचीच. जेवायला बसताना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, वर कच्चं तेल. कोणाच्या घरी काय शिजतंय ते क्वार्टरच्या जिन्यातच कळायचं. आणि या सगळ्याच्या खाली, दिवसभर, एक घरघर चालू असायची. ती टर्बाइनची की पंख्यांची ते मला लहानपणी ठाऊक नव्हतं. आम्हाला ती ऐकूच येत नसे. ऐकू यायची ती बंद पडली की. वीज बनवणारा एखादा संच अचानक बंद झाला की अख्खी कॉलनी हातातलं काम टाकून गॅलरीत यायची. आई झारा हातात घेऊन उभी, शेजारच्या काकू ओल्या केसांनी उभ्या, सगळ्यांचे डोळे चिमणीकडे. पुन्हा घरघर सुरू झाली की बायका आत जायच्या आणि कढईत जे काही करपलं असेल त्याबद्दल नवऱ्यांना बोलायच्या.

बारावीला मला चांगले मार्क पडले. कॉलनीत पेढे वाटले गेले. नाशिकरोडच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजातल्या सरांनी अप्पांना बोलावून सांगितलं, मुलीला विज्ञानच शिकायचंय तर पुण्याच्या त्या कॉलेजात पाठवा. त्या कॉलेजाचं नाव मी इथं लिहीत नाही. आमच्या घरात त्याला नुसतं 'पुण्याचं कॉलेज' म्हणत, जणू पुण्यात दुसरं नव्हतंच. कॉलनीला मात्र हे रुचलं नाही. नाशिकात काय कॉलेजं नाहीत का, शिकणारा कुठंही शिकतो, पोरीची जात, इतकं लांब कशाला, असं जो तो येऊन सांगून जाई. आईचं मत एका वाक्यात होतं, "दुरून डोंगर साजरे." अप्पा सगळ्यांचं ऐकून घेत आणि भाकरीचा तुकडा मोडत राहत. शेवटी एकदा म्हणाले, "जाई तं दखू द्या तिले." बघू तर द्या तिला.

कॉलेज आणि वसतिगृह, दोन्हीसाठी मुलाखत होती. अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. फाटकातून आत शिरलो आणि मी थांबलेच. काळ्या दगडाच्या कमानी, मधोमध झिजलेला जिना, एवढाली झाडं की त्यांच्या सावलीत आमची अख्खी इमारत मावली असती. एका दारातून ग्रंथालय दिसलं. कपाटं छतापर्यंत गेलेली आणि वरची पुस्तकं काढायला चाकांची शिडी. शिडीवर एक मुलगा उभ्याउभ्याच वाचत होता, पुस्तक घेऊन खाली यायचंच विसरला होता बहुतेक. मला छातीत काहीतरी भरून आल्यासारखं झालं. आजही मी कोणत्या मोठ्या ग्रंथालयात गेले की तसंच होतं, त्याला काही इलाज नाही. अप्पांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. त्यांनी तळहाताने बाक पुसला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली मुलगी घाईने उठून उभी राहिली, तिला वाटलं तिच्यामुळेच पुसतायत.

आत टेबलापलीकडे तिघं होते. मधे प्राचार्य, एका बाजूला कोणी सर, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या केसांच्या एक बाई. प्राचार्य म्हणाले, "बसा." मी ओढणीचं टोक घेतलं, खुर्ची नीट पुसली, वर एक फुंकरही मारली आणि बसले. प्राचार्यांच्या भुवया वर गेल्या. ती खुर्ची वेलवेटची होती, आणि तिच्यावर धुळीचा कण नव्हता. मला तेव्हा उमगलं की मी काय करून बसले, आणि कान गरम झाले.

त्या बाई पुढे वाकल्या. "खुर्ची खराब होती का गं?"

"नाही मॅडम. स्वच्छच आहे."

"मग पुसलीस का?"

मी सांगितलं. कॉलनी, चिमणी, राख. मला वाटलं एका वाक्यात संपेल, पण बाई सोडेनात. किती पडते राख? मी म्हटलं, सकाळी कठड्यावर बोटाने नाव लिहिता येतं. जड असते की हलकी? मी म्हटलं, आम्ही लहानपणी बादलीत टाकून बघायचो, बरीचशी बुडते, पण थोडी तरंगत राहते, कितीही ढवळली तरी बुडत नाही.

"का बरं? राख तर एकाच कोळशाची."

"माहीत नाही," मी म्हणाले आणि मान खाली घातली. संपलं, असं मला वाटलं. आमच्या शाळेत 'माहीत नाही' म्हटलं की बाकावर उभं राहावं लागे.

"मलाही माहीत नाही," बाई प्राचार्यांकडे वळून म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा खुलला होता की जणू कोणी त्यांना खाऊ दिला. त्या लिमये बाई, पदार्थविज्ञानाच्या. मला प्रवेश मिळाला. बाहेर येऊन मी अप्पांना सांगितलं तेव्हा ते नुसते कमानीकडे बघत राहिले. मग म्हणाले, चहा घेऊ.

इथवर वाचून कोणाला वाटेल की आता माझे दिवस पालटले. तसं झालं नाही. पहिल्या आठवड्यातच मला कळलं की मी तिथली नाही. तास इंग्रजीत. मुलं-मुली इंग्रजीतच हसायची, इंग्रजीतच भांडायची. माझ्या खोलीत रोहिणी नावाची मुंबईची मुलगी होती, स्वभावाने गोड, पण तिच्या साध्या बोलण्यातही मला अर्धे शब्द जोडून घ्यावे लागत. मेसमध्ये मी सवयीने सगळ्यांचे पेले पालथे करून ठेवले, तर रोहिणीने विचारलं, हे काही व्रत आहे का तुमच्यात? रात्री झोप येईना, कारण घरघर नव्हती. इतकी शांतता म्हणजे काहीतरी बंद पडलंय, असं वाटून मी दचकून उठायची.

पण सगळ्यात जड जायचा तो वर्ग. तिथं मुलं प्रश्न विचारत. शिकवणं चालू असताना मधेच हात वर करत, कधी हातही वर करत नसत, सरळ बोलत. "पण असं का?" "आणि हे उलटं केलं तर?" मला आधी ते उद्धटपणाचं वाटलं. आमच्याकडे प्रश्न विचारणं म्हणजे आपल्याला समजलं नाही याची कबुली, आणि शिवाय समोरच्याच्या मोठेपणाला धक्का. मी मनात म्हणायची, आता बाई भडकतील. बाई भडकत नसत. एकदा एका मुलाने काहीतरी विचारलं, बाई फळ्याकडे तोंड करून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या, मग खडू ठेवून म्हणाल्या, "नाही येत मला. चुकतंय काहीतरी माझं. उद्या बघू." वर्गात कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या पायऱ्यांवरूनच बोलत, त्याच मुलाला हाक मारत, "अरे सापडलं, ये इकडे!" मी शेवटच्या बाकावर बसून हे बघत होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता. एवढी मोठी बाई, आणि हरल्याचा केवढा आनंद! असं माणूस मी आधी पाहिलेलंच नव्हतं.

मला स्वतःला मात्र तोंड उघडता येईना. प्रश्न जिभेपर्यंत यायचा, मी त्याचं इंग्रजी करायला घ्यायची, तोवर फळा पुसलेला असायचा. पहिल्या चाचणीत मी काठावर पास झाले. बारावीला ज्या पोरीचे पेढे वाटले ती ही. मला वाटू लागलं की कॉलनीतल्या लोकांचंच बरोबर होतं. ज्याला शिकायचं तो कुठंही शिकतो, आणि मी इथं शिकत तर नव्हतेच, उलट जे होतं तेही आटत चाललं होतं. नाशिकरोडच्या कॉलेजात अजून घेतील, असं तिथल्या सरांनी माझ्या पत्राला उत्तर देताना कळवलं होतं. दसऱ्याच्या सुट्टीला मी निघाले ती ट्रंक आणि वळकटी घेऊनच.

आईने दारात ट्रंक बघितली. "इतलं सामान? चार दिनसाठे?" तिने ट्रंकेचं एक कडं स्वतः धरलं, आत घेतली आणि पदराने झटकली. मग मला जेवायला वाढलं. त्या दुपारी तिने माझ्यासाठी मांडे केले. मांडे म्हणजे आमच्याकडची पुरणपोळी, पण लाटायची नाही, दोन्ही हातांच्या कोपरापर्यंत झुलवत झुलवत मोठी करायची आणि पालथ्या खापरावर टाकायची. तिचे हात गोल फिरत होते, पोळी चादरीएवढी होत होती, खाली काटक्यांचा जाळ तडतडत होता. दसऱ्यालाही इतका खटाटोप ती क्वचितच करी. मी तिथंच बसून तिला सगळं सांगितलं, आणि सांगताना रडू आलं. तिने खापरावरची नजर काढली नाही. "तुन्या बापले तूच सांग," एवढंच म्हणाली.

अप्पांना सांगणं कठीण होतं. त्यांनी मुलगी पुण्याच्या कॉलेजात आहे हे राखेच्या पंपापासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. स्वतः ते सातवी शिकलेले. मी सांगितलं, मला परत जायचं नाही, माझ्याने होत नाही. ते सुपारी कातरत होते, अडकित्ता थांबला. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "दसरा व्हऊ दे. मंग दखू." दसरा होऊ दे, मग बघू. आणि पुन्हा कातरायला लागले.

खंडेनवमीला कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. आमच्या केंद्रात त्या दिवशी घरच्यांना आत यायला मुभा असे. बायका नव्या साड्या नेसून, पोरांना पावडर लावून, एखाद्या लग्नाला निघाल्यासारख्या गेटातून आत जात. पंप धुऊन पुसून लख्ख केलेले, त्यांच्यावर झेंडूच्या माळा, हळदीकुंकवाचे पट्टे, दारादारांवर कोहळे बांधलेले. अप्पांनी त्यांच्या राखेच्या पंपापुढे नारळ फोडला, आणि वर्षभर ज्याला ते शिव्या घालत त्या पंपाला हात जोडले. आईनेही जोडले. मीही गेले होते, पण माझं मन कशातच नव्हतं. उद्या दसरा, परवा माझ्या परत जाण्या-न जाण्याचा निकाल लागणार होता.

पूजा झाल्यावर चौधरी साहेब आले. बॉयलरचे इंजिनिअर, तरुणच होते. दरवर्षी ते कुटुंबांना वर नेऊन भट्टी दाखवत. मी लहान असताना आई घाबरायची म्हणून आम्ही कधी गेलो नव्हतो. या वर्षी अप्पा म्हणाले, चाल. आम्ही लिफ्टने वर गेलो. जाळीच्या फरशीतून खाली कितीतरी मजले दिसत होते. आईने डोळे मिटून माझा दंड धरला. उष्णता अंगावर यायला लागली. एका लोखंडी भिंतीपाशी आम्ही थांबलो. ती भिंत थरथरत होती. त्या भिंतीत हाताच्या पंजाएवढी एक झडप होती. साहेबांनी काळ्या-निळ्या काचेची एक पट्टी माझ्या हातात दिली, झडप सरकवली आणि म्हणाले, काच डोळ्यांपुढे धरून बघ.

ते मी आजवर कोणाला नीट सांगू शकलेले नाही. मला वाटलं होतं चुलीतल्यासारखे जाळ असतील, फक्त मोठे. तिथं जाळ नव्हतेच. एक भलीमोठी विहीर होती, तळ न दिसणारी, वर काठ न दिसणारी, आणि ती काठोकाठ उजेडाने भरलेली होती. तो उजेड जिवंत होता. तो हलत होता. माझ्या जन्मापासून कानात घरघर होती, कठड्यावर राख होती, अप्पांच्या भुवयांत राख होती, ते सगळं या इथून येत होतं, आणि मी शेजारी राहून कधी बघितलं नव्हतं. देवळात लोक ज्यासाठी जातात ते मला कधी फारसं जमलं नाही, पण त्या झडपेपाशी माझे हात आपोआप जोडले गेले असते, काच धरलेली होती म्हणून राहिले. मग हळूहळू डोळे सरावले, आणि मला दिसलं की ती सगळी आग गोल फिरतेय. सावकाश, मधोमध, भोवऱ्यासारखी.

"साहेब, ही फिरतेय का?" मी विचारलं.

"हो, फिरते," साहेब म्हणाले, आणि पुढच्या माणसासाठी काच घ्यायला हात पुढे केला.

मी काच दिली नाही. "पण का फिरते? आग तर सरळ वर जाते ना?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. अप्पांनी मागून माझा कोपर ओढला. आई कुजबुजली, "चूप बठ." मागे कॉलनीची माणसं उभी होती, आणि अटेंडंटच्या पोरीने साहेबांना अडवून धरलं होतं. त्या सेकंदाला मला यातलं काहीच कळलं नाही. मला फक्त ते कळून घ्यायचं होतं.

"बॉयलरची रचनाच तशी आहे," साहेब म्हणाले.

"म्हणजे कशी?"

कोणीतरी मागे हसलं. तसा साहेबांचा चेहरा खुलला. "थांब," ते म्हणाले. त्यांनी डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढलं आणि शेजारच्या लोखंडी टेबलावर उताणं ठेवलं. "चला, चौघं जण या. एकेका कोपऱ्यावर उभे राहा. अप्पा, तुम्हीही या." अप्पा बिचकत पुढे झाले. साहेब म्हणाले, "आता चौघांनीही एक बोट हेल्मेटकडे रोखा. अगदी मधोमध नाही, जरा उजव्या अंगाला. हं. आता सगळे एकदम ढकला." चार बोटं पुढे आली आणि हेल्मेट गर्रकन फिरलं. पोरं ओरडली. "भट्टीला चार कोपरे आहेत," साहेब सांगत होते, "चारही कोपऱ्यांतून कोळशाची पूड आणि हवा आत सुटते. मधोमध सोडली तर समोरासमोर धडकेल. थोडी बाजूला सोडली की सगळी मिळून फिरायला लागते. फिरली की कोळसा जास्त वेळ आत राहतो आणि नीट जळतो."

"आणि उलट्या बाजूने फिरवली तर?"

"तर उलटी फिरेल! बर्नर तसे लावावे लागतील, एवढंच." ते हसले. "तू कुठल्या कॉलेजात आहेस गं?"

मी सांगितलं. ते म्हणाले, तरीच. अप्पांनी मात्र हे ऐकलं नसावं. ते टेबलापाशीच होते. बाकीचे तिघं बाजूला झाले तरी ते वाकून एका बोटाने ते हेल्मेट पुन्हा पुन्हा फिरवत होते.

घरी येताना ते सायकल हातात धरून चालत होते. आई शेजारणींबरोबर पुढे गेली होती. आम्ही दोघंच मागे. अप्पांनी एकदा मागे वळून चिमणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाऊ सवाल माले नोकरीले लागनू तवयपासून पडेल व्हता."

"कोणता?"

"आग कसाले फिरस. पहिल्यांदा दखं तवयपासून." म्हणजे त्यांनी ती झडप माझ्या जन्माआधी उघडून बघितली होती, आणि तेव्हापासून हा प्रश्न घेऊन ते रोज कामावर जात होते.

"मग साहेबांना विचारलं का नाही?"

अप्पा थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते अगदी निरागसपणे. "इचारानं ऱ्हास, हाई माले ठाऊकच नव्हतं," ते म्हणाले. विचारायचं असतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. "माले वाटे, आगना सभावच तसा. आपन काय इचारानं." मग थोडं चालून, "तू इचारं. सायबनी टायं तरी पुन्हा इचारं. तठे शिकनी ना हाई?" साहेबांनी टाळलं तरी पुन्हा विचारलंस, तिथंच शिकलीस ना हे?

मला हो म्हणता येईना. कारण तिथं तर मी एकदाही तोंड उघडलं नव्हतं. मला वाटत होतं मी शेवटच्या बाकावर बसून वाळत चाललेय, आणि नुसतं बसून बसून, ऐकून ऐकून, ते माझ्या अंगात उतरलं होतं. मला पत्ताही नव्हता. ओळखलं ते अप्पांनी. मला त्या क्षणी इतकं नवल वाटलं, स्वतःचं, त्या कॉलेजाचं, आणि सगळ्यात जास्त या सायकल धरलेल्या माणसाचं, की मी नुसती त्यांच्या बाजूने चालत राहिले.

आता मी ज्या कॉलेजात शिकवते ते काही नावाजलेलं नाही. तालुक्याच्या गावाला आहे, छत गळतं. दर वर्षी कोणी ना कोणी पालक येतो आणि विचारतो, मॅडम, मोठ्या कॉलेजात घातल्याने पोरात खरंच फरक पडतो का? आजकाल यावर छान बोलायची पद्धत आहे: कॉलेज नाही, माणूस महत्त्वाचा, वगैरे. ऐकायला बरं वाटतं. माझ्याने तसं बोलवत नाही. माझ्या बापाचं डोकं माझ्यापेक्षा कमी नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना एकही जागा अशी मिळाली नाही जिथं माणसं रोज, सहज, न लाजता 'का' म्हणतात. मला मिळाली. ती जागा दगडी कमानींचीच असावी लागते असं नाही, आमच्या गळक्या वर्गातही ती व्हावी म्हणून मी घसा कोरडा करते आणि कधी कधी होतेही. पण मी ती पाहिली त्या कमानींखाली, आणि पाहिली नसती तर मला तिची कल्पनाही आली नसती. पालकांना हे सगळं कसं सांगणार? मी म्हणते, जमत असेल तर पाठवा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या ट्रंकेचा विषय कोणी काढला नाही. आईने सोनं म्हणून आलेली आपट्याची पानं गोळा करून ठेवली आणि मला विचारलं, "बिबडे भरू का डब्यात? तुनी ती मुंबईवाली खास का?" ज्वारीचे पापड मुंबईच्या मुलीला आवडतील की नाही, एवढीच तिला चिंता होती. मी म्हटलं, भर.

अप्पांनी ट्रंक सायकलच्या कॅरिअरला बांधून कॉलनीच्या स्टॉपवर आणली. थंडीची नुकती चाहूल लागली होती, उजाडून थोडाच वेळ झाला होता. एरवी मी निघताना ते ठरलेलं बोलत: नीट राहा, वेळेवर जेव. त्या दिवशी ते सगळं राहूनच गेलं. बस वळणावर दिसायला लागली, तसं त्यांनी आजूबाजूला पाहिलं. ऐकायला कोणी नव्हतं. मग थोडं लाजत, चिमणीकडे हनुवटी उडवून म्हणाले,

"थंडीना दिनमा सकाळे धूर सरळ वर जास. आन मंग तठे जाईसन एकदम आडवा व्हई जास, छताले लागना सारखा. दुपारले नही. तठे वर काय शे?"

तिथं वर काय आहे? मी बघितलं. धूर खरंच सरळ चढत होता, आणि मग एका उंचीवर, निरभ्र आकाशात जिथं काहीच नव्हतं तिथं, कशाला तरी अडून पसरत होता. इतकी वर्षं तो माझ्या डोक्यावर होता.

"मला माहीत नाही, अप्पा," मी म्हणाले.

"मंग तुन्या बाईले इचारजो," ते म्हणाले, आणि ट्रंक उचलून बसमध्ये ठेवली. खाली उतरून खिडकीपाशी आले. बस हलली तेव्हा तिच्याबरोबर चार पावलं चालत त्यांनी वर बघून सांगितलं, "मी वाट दखस."